घरबसल्या चिटणिशी
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या वधू-वर सूचीत कन्येच्या नावापुढे बी. कॉम., एम. एस्सी. अशा पदव्या आज सर्रास आढळतात. परंतु विवाहानंतर चार वर्षांनी ते पदवीपत्र कोठे आहे असे विचारले, तर शालूच्या घडीखाली, कपाटात, असेच उत्तर अनेक घरांतून मिळेल. अमरावती-अकोल्यात नोकऱ्या थोड्या आणि पुण्यास जावे तर घर सुटते. या पेचातून वाट काढून देणाऱ्या एका व्यवसायाविषयी मी आज बोलणार आहे.

त्यास 'व्हर्च्युअल असिस्टंट' म्हणतात; मी त्यास दूरस्थ चिटणीस म्हणेन. पूर्वी अकोल्याच्या कापूस बाजारात अडत्याच्या पेढीवर दिवाणजी बसत. पत्रांस उत्तरे लिहावी, हिशेब ठेवावा, येणे रकमेची आठवण द्यावी आणि पेढीवरील गोष्ट पेढीबाहेर जाऊ देऊ नये, हे त्यांचे काम. दूरस्थ चिटणिसाचे कामही हेच. गादीच्या जागी संगणक आला, आणि मालक मुंबईस वा लंडनला असला तरी अडत नाही, एवढाच काय तो फरक.

घरी बसून अर्थार्जन करणे ही कल्पना नवी नव्हे. १९५९ साली मुंबईस गिरगावात सात भगिनींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला आणि त्यातून लिज्जत पापडाचा श्री महिला गृह उद्योग उभा राहिला. बौद्धिक कामात असाच प्रयोग १९६२ साली इंग्लंडात स्टेफनी शर्ली या बाईंनी केला. अवघ्या सहा पौंडांच्या भांडवलावर त्यांनी संगणकाचे प्रोग्रॅम लिहून देणारी संस्था काढली आणि मुलाबाळांमुळे नोकरी सुटलेल्या सुशिक्षित स्त्रियांना घरीच काम दिले. स्त्रीच्या नावाने गेलेल्या पत्रांस दाद मिळेना, म्हणून त्या 'स्टीव्ह' अशी पुरुषी सही करू लागल्या. दूरध्वनीवर बोलताना घरातील मुलाचा आवाज झाकला जावा म्हणून त्या टंकयंत्राच्या खडखडाटाची ध्वनिफीत लावीत. पुढे काँकॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचे प्रोग्रॅम याच संस्थेतील स्त्रियांनी लिहिले. म्हणजे उणीव बुद्धीची नव्हती. लपवावे लागत होते ते घर!

आज कुकरची शिट्टी ऐकू गेली म्हणून कोणी काम काढून घेत नाही. २०२० च्या टाळेबंदीत मोठमोठे अधिकारीही घरूनच काम करीत होते. तथापि पूर्वतयारी हवी. मराठी व इंग्रजी टंकलेखन, शुद्ध पत्रलेखन आणि संगणकावरील हिशेबाचे तक्ते, एवढे प्रथम पक्के करावे. आरंभ गावातील डॉक्टर, वकील वा शिकवणीवर्ग यांच्या कामापासून करावा. काय काम, किती तास, किती मोबदला, हे लेखी ठरवावे. पुढे परदेशाचे काम मिळाले तर घड्याळ पाहावे. लंडनला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे, ऋतुमानाप्रमाणे, दुपारचे दीड वा अडीच झालेले असतात. ते गृहिणीस सोयीचे. न्यूयॉर्कचे नऊ म्हणजे आपले सायंकाळचे साडेसहा वा साडेसात. तेथे जागरण आले.

एक इशारा मात्र देतो. काम देण्यापूर्वी नोंदणी-शुल्क वा अनामत मागणारा हा मालक नव्हे, ठक होय. परक्याचा पैसा आपल्या खात्यातून फिरवून देण्यासही कधी राजी होऊ नये. फसवणूक होऊन पैसे गेलेच, तर लाजेने गप्प न बसता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे.

आता वडीलधाऱ्यांस विनंती. सून संगणकापुढे बसली म्हणजे ती 'घरीच आहे', असा समज आपण करून घेतो. मग मध्येच चहा, मध्येच पाहुणा, मध्येच दळण! ती कचेरीत गेली असती तर आपण तेथे जाऊन चहा मागितला असता काय? दिवसाचे चार तास तिचे माना. तिला एक टेबल, बंद होणारे दार आणि वैशाखात वीज गेली तरी काम अडू नये म्हणून एक इन्व्हर्टर द्या. तिची कमाई तिच्याच नावच्या खात्यात जमा होऊ द्या. हे नसेल, तर कितीही शिक्षण व्यर्थ आहे.

आणि ज्ञातीतील व्यापारी, डॉक्टर व वकील मंडळींस सांगणे असे, की अनुभव नाही म्हणून काम नाही आणि काम नाही म्हणून अनुभव नाही, ही साखळी आपणच तोडू शकता. आपल्याकडील पहिले काम आपल्या मुलींना द्या. मात्र घरची मुलगी म्हणून मोबदल्यात कपात करू नका. परक्यास जे दिले असते, तेच तिला द्या.