वारूळ राखलं तर अळंबी राहील



इस्लामपूरहून पेठनाका ओलांडून शिराळ्याच्या वाटेला लागलं, की ऊस मागे पडत जातो आणि पुढे चांदोलीचं रान लागतं. मृगाचे पाऊस जिरले, की अशा रानात, माळावर, वारुळाच्या अंगानं पांढरी अळंबी वर येते. चार दिवसांचा हा पाहुणा. पण तिच्यामागे सुमारे तीन कोटी वर्षांचा संसार आहे.

बटण किंवा धिंगरी अळंबी आपण शेडमध्ये पिकवतो. वारुळाची अळंबी मात्र व्यापारी पद्धतीनं अजून कुणालाही पिकवता आलेली नाही, कारण तिची शेती वाळवी करते. वाळकं गवत, पालापाचोळा, लाकूड खाऊन वाळवी आपल्या विष्ठेची जाळीदार पोळी जमिनीखाली रचते. त्यावर बुरशी वाढते. वाळवीला न पचणारं लाकूड ती मऊ करते आणि वाळवीचं अन्न होते; पावसात तीच अळंबी होऊन वर येते. या कुळाला १९४२ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ रोजे एम यांनी ‘टर्मिटोमायसिस’ हे नाव दिलं.

आता मुद्द्याची गोष्ट. छत्री उमलली, की तिच्या खालच्या पडद्यांतून बीजाणू झडतात. यातल्या बहुतेक जातींमध्ये नव्या वारुळातली वाळवी बाहेरून हेच बीजाणू गोळा करून आणते. तेच तिच्या शेतीचं विरजण. बाजारात मिटलेल्या कळ्यांना मागणी असते, म्हणून सगळ्या कळ्या खुडल्या, तर विरजण येणार कुठून? आणि अळंबीचा दांडा मुळापर्यंत मिळावा म्हणून वारूळच उकरलं, तर पुढच्या वर्षाची आशाही संपली. गोव्यात डॉ. नंदकुमार कामत यांनी या अळंबीचा दीर्घकाळ अभ्यास केला आणि अशा अधाशी तोडणीविरुद्ध आवाज उठवला. आपल्याकडेही तो उठायला हवा.

चांदोली २००४ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. तिथून वनोपज आणायला कायद्यानं मनाई आहे. बाहेरच्या माळाची राखण मात्र आपल्याच हाती. उसाच्या बेण्याला वाळवी लागली तर शेतकऱ्यानं उपाय जरूर करावा. पण पडीक रानातल्या वारुळात औषध ओतू नये, त्यावर जेसीबी घालू नये. नागपंचमीला वारूळ पुजणारा आपला मुलूख आहे. उरलेलं वर्षभरही त्याला जपावं.

अळंबी ओळखणाऱ्या जाणत्या माणसाशिवाय कुणी रानातली छत्री खाऊ नये. आणि जे खुडतात त्यांना विनंती: अळंबी अलगद काढा, वारुळाला हात लावू नका, आणि प्रत्येक वारुळावर काही छत्र्या पूर्ण उमलू द्या.