हिवताप आणि आपले रक्त
(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आम्ही वैद्य नव्हे, शिक्षक. तरीही आजचा विषय प्रत्येक घराचा असल्यामुळे तो मांडण्याचे धाडस करीत आहोत.

हिवतापाचे खरे कार्य रक्तात चालते. ॲनॉफेलीस जातीच्या डासाची मादी चावली म्हणजे जंतू शरीरात शिरतात, प्रथम यकृतात वाढतात आणि मग रक्तातील तांबड्या पेशींत घुसतात. नेहमीच्या प्रकारांत सुमारे ४८ तासांनी ते पेशी फोडून बाहेर पडतात. तेव्हाच हुडहुडी भरते. जी पेशी सुमारे १२० दिवस जगावयाची, ती अशी अकाली नष्ट होते. रोगी फिकट पडतो, प्लीहा वाढते. हे जंतू रक्तात प्रथम पाहिले लाव्हराँ यांनी, १८८० साली. डासाच्या पोटात ते शोधले रोनाल्ड रॉस यांनी, सिकंदराबादेस, १८९७ साली.

१९५३ साली देशात हिवतापाविरुद्ध मोठी मोहीम सुरू झाली. १९६५ पर्यंत रुग्णसंख्या सुमारे एक लाखावर उतरली. पुढे ढिलाई झाली, आणि १९७६ साली ती ६४ लाखांवर गेली. घरातही असेच घडते. ताप उतरला की गोळ्या फडताळात जातात. परंतु व्हायवॅक्स जातीचे जंतू यकृतात निजून राहतात आणि काही महिन्यांनी पुन्हा उठतात. त्यांच्यासाठीच प्रायमाक्विनच्या गोळ्या १४ दिवस देतात.

येथे एक सावधगिरी हवी. काहींच्या तांबड्या पेशींत जी-६-पी-डी नावाचे द्रव्य जन्मतः उणे असते. अशांच्या पेशी याच औषधाने फुटतात. लघवी काळसर होते, कावीळ दिसते. हा दोष आनुवंशिक असून मातेकडून पुत्रास येतो. आपले विवाहसंबंध बहुधा ज्ञातीतच होत असल्याने, एका घरात तो आढळल्यास आजोळी, मावशीकडेही कळवावे. त्यात लपविण्यासारखे काही नाही. लपविण्यात मात्र जिवाचा धोका आहे. गर्भवतीस तर हे औषध देऊच नये.

म्हणून आमची विनंती एवढीच: थंडी वाजून ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे, सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी विनामूल्य होते. औषध डॉक्टरांना विचारूनच घ्यावे आणि पुरतेपणी घ्यावे. घराभोवती पाणी साचू देऊ नये.