भाड्याने द्यावयाचे घर : पहिले पाऊल



कोल्हापूरच्या राजारामपुरीतील क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या सरळ गल्ल्यांतून हिंडताना दोन दृश्ये शेजारी शेजारी दिसतात. एखाद्या घराच्या फाटकावर ‘विद्यार्थ्यांसाठी खोली भाड्याने देणे आहे’ अशी पाटी असते, तर त्याला लागूनच असलेल्या घराचा वरचा मजला वर्षानुवर्षे कुलूपबंद असतो. त्या दुसऱ्या घराच्या मालकाला पैशाची गरज नसते असे नव्हे. ‘भाडेकरू एकदा आत आला की बाहेर निघत नाही’ ही भीती त्या कुलपामागे असते. सेवानिवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या रकमेतून भाड्यासाठी एखादे घर घ्यावे, असा विचार अनेक शिक्षक व शासकीय कर्मचारी करतात. त्यांना एकीकडून ही भीती मागे खेचते, तर दुसरीकडून ‘बसल्या जागी उत्पन्न’ हे आकर्षण पुढे ढकलते. यांतील भीती आज बरीचशी निराधार झाली आहे आणि ते आकर्षणही बरेचसे फसवे आहे.

प्रथम भीतीचा विचार करू. ती काल्पनिक नव्हती. मुंबई राज्यात १९४७ साली झालेल्या भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाणित भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधून टाकले होते. युद्धोत्तर टंचाईच्या काळात भाडेकरूंना त्याने मोठाच आधार दिला. परंतु महागाई वाढत गेली, भाडे मात्र जागच्या जागी राहिले आणि इमारतींची डागडुजी करण्याइतकेही उत्पन्न मालकांच्या हाती उरेना. पुढे १९७३ साली या कायद्यात दुरुस्ती झाली. १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू असलेल्या परवान्यावर जे लोक जागेत राहत होते, त्यांना त्या दुरुस्तीने भाडेकरूंचे संरक्षण लाभले. ज्यांनी ‘अकरा महिन्यांपुरते’ म्हणून पाहुण्यासारखे कोणाला घरात घेतले होते, त्यांच्यापैकी अनेकांच्या पदरी त्या दिवसापासून कायमचा भाडेकरू आला. घराघरांतून सांगितल्या जाणाऱ्या कित्येक कथांचे मूळ येथे आहे. प्रमाणित भाडे गोठवणाऱ्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी ठरल्या आहेत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये दिला. त्यानंतर ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ अमलात आला.

या अधिनियमातील दोन कलमे नवख्या मालकाने नीट वाचावीत. कलम २४ नुसार निवासी जागा लिव्ह अँड लायसन्स करारावर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या परवान्यावर दिली असेल, तर मुदत संपताच ती रिकामी करून मिळण्याचा हक्क मालकाला आहे. त्यासाठी दिवाणी न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागत नाहीत. सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. मुदतीनंतरही जागा न सोडणाऱ्याकडून परवाना शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई वसूल होऊ शकते. दुसरे कलम ५५. प्रत्येक भाडेकरार लेखी असावा आणि त्याची नोंदणी व्हावी, असे ते सांगते आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर टाकते. त्यात कसूर झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद अथवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शिवाय, लेखी व नोंदलेला करार नसेल तर जागा कोणत्या अटींवर दिली होती याबाबत भाडेकरू जे सांगेल ते, त्याविरुद्ध पुरावा येईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. ज्या कागदाने मालकाचे रक्षण व्हावयाचे, तोच कागद मालक करीत नाही आणि दोष कायद्याला देतो!

‘करार अकरा महिन्यांचा आहे, नोंदणीची गरज नाही’ हा समज तर शिकलेल्या लोकांतही पक्का बसलेला आढळतो. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची, या सर्वसाधारण नियमातून तो उपजला आहे. महाराष्ट्रात मात्र कलम ५५ मुळे मुदत कितीही असली तरी नोंदणी चुकत नाही. तिचा खर्चही फार नाही. समजा, दरमहा १०,००० रुपये भाडे, ५०,००० रुपये परत करावयाची अनामत आणि अकरा महिन्यांची मुदत आहे. अशा कराराचे मुद्रांक शुल्क एकूण भाडे व अनामतीवरील १० टक्के दराचे व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का, म्हणजे तीनशे रुपयांच्या आत येते. नोंदणी फी महानगरपालिका क्षेत्रात १,००० रुपये आणि ग्रामीण क्षेत्रात ५०० रुपये आहे. ही नोंदणी आता ऑनलाइनही होते. इतक्या खर्चात लाखो रुपयांच्या मिळकतीचा घोर मिटत असेल, तर तो वाचविण्यात शहाणपण कोणते?

आता आकर्षणाकडे वळू. राजारामपुरीसारख्या भागात भाड्याच्या जागेला मागणी आहे, हे खरे. बाहेरगावच्या विद्यार्थ्याला राहण्याची सोय करून देणे ही कोल्हापूरची जुनी परंपरा आहे. राजर्षी शाहू छत्रपतींच्या प्रेरणेने १९०१ पासून येथे निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली. १९६२ साली शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले आणि शिक्षणासाठी येणाऱ्यांचा ओघ वाढला. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले. सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील वकील आणि पक्षकार आता कोल्हापूरला येतात. यातून भाडेवाढीचे मनोरे रचणारे पुष्कळ भेटतात. परंतु मागणी असणे वेगळे आणि गुंतवणूक किफायतशीर ठरणे वेगळे.

समजा, एक सदनिका ४० लाख रुपयांना मिळाली आणि दरमहा १०,००० रुपये भाडे ठरले. वर्षाचे १,२०,००० झाले, म्हणजे किमतीच्या तीन टक्के. वर्षातून एक महिना जागा रिकामी राहिली तर १०,००० गेले. सोसायटीची देखभाल १२,०००, घरफाळा ६,०००, रंग, नळ, विजेची दुरुस्ती सरासरीने ८,००० धरली, तर हाती ८४,००० उरतात. हे अवघे दोन टक्क्यांच्या आसपास पडते. बँकेतील मुदत ठेवही याहून अधिक देते. घराची किंमत वाढेल या आशेवर ही तूट सहन केली जाते. परंतु वाढलेली किंमत घर विकल्याखेरीज हाती येत नाही, हे हिशेबात लिहून ठेवावे. कर्ज काढून घर घेणाऱ्याचे गणित याहून अवघड आहे. २५ लाखांचे कर्ज साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी घेतल्यास मासिक हप्ता सुमारे २१,७०० रुपये येतो. भाड्याचे १०,००० वजा जाता दरमहा ११,७०० पगारातून घालावे लागतात, आणि जागा रिकामी असलेल्या महिन्यात संपूर्ण हप्ता. निवृत्तीला पाच वर्षे उरलेल्या माणसाने हा भार उचलण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा.

म्हणूनच नवख्याने नवी सदनिका शोधण्याआधी स्वतःच्या घराकडे पाहावे. कुलूपबंद मजला उघडण्यास खरेदीचा खर्च नाही, मुद्रांक शुल्क नाही. वरच्या मजल्यावर दोन खोल्या बांधण्यास समजा दहा लाख लागले आणि सहा हजार रुपये भाडे आले, तर जागेची किंमत मोजावी लागत नसल्याने हेच प्रमाण सात टक्क्यांवर जाते. अर्थात जुन्या घराचा पाया वरचा भार पेलेल काय, हे अभियंत्याकडून तपासून आणि महानगरपालिकेची बांधकाम परवानगी घेऊनच हे करावे. भाडेकरू ठेवल्यावर घरफाळ्याची आकारणी बदलते काय, हेही आधीच विचारून घ्यावे.

तरीही दुसरे घर घेणे ठरलेच, तर कागद आधी आणि बयाणा नंतर, हा क्रम मोडू नये. शहरातील मिळकतीची मिळकत पत्रिका पाहावी. मागील तीस वर्षांचा शोध वकिलाकडून घ्यावा. इमारतीस भोगवटा प्रमाणपत्र आहे काय हे पाहावे. बांधकाम चालू असलेला मोठा प्रकल्प महारेराकडे नोंदलेला आहे, याची खात्री करावी. कोल्हापुरात आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगेने शहराच्या सखल भागांत कोठपर्यंत मजल मारली, हे लोकांच्या डोळ्यांसमोर आहे. स्वस्त वाटणारी मिळकत पूररेषेच्या आत तर नाही ना, हे नकाशावर आणि त्या गल्लीतील रहिवाशांकडे, दोन्हीकडे विचारावे. शासकीय कर्मचाऱ्याने महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ प्रमाणे स्थावर मिळकतीच्या व्यवहाराची माहिती कार्यालयास देण्याचे बंधन ध्यानी ठेवावे.

दुकानगाळ्याविषयी थोडे सांगणे अवश्य आहे, कारण राजारामपुरीच्या मुख्य रस्त्यावरील दुकानांची वर्दळ पाहून अनेकांचे लक्ष तिकडे जाते. कलम २४ ची जलद सोय निवासी जागेपुरतीच आहे. गाळ्याचा वाद झाल्यास वाट लांबची असते. पहिल्याच व्यवहारात गाळा न घेणे बरे.

भाडेकरूची बाजूही मालकाने ओळखावी. भाड्याची पावती देणे कायद्याने बंधनकारक आहे. जागा राहण्यायोग्य ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. भांडण झाले म्हणून भाडेकरूचे पाणी किंवा वीज तोडणे हा गुन्हा आहे. कुलूप उघडल्यावर जो विद्यार्थी किंवा जे नवे कुटुंब आत येईल, त्याची जात विचारून दार लावून घेणे शाहू महाराजांच्या नगरीस तरी शोभत नाही. ओळखपत्र पाहावे, पोलीस ठाण्यास माहिती द्यावी, करार नोंदवावा. इतके पुरेसे असते. आलेले भाडे प्राप्तिकर विवरणात दाखवावे. भरलेला घरफाळा वजा जाता उरलेल्या रकमेवर ३० टक्के वजावट दुरुस्तीचा हिशेब न मागता मिळते, त्यामुळे ते लपविण्याचे कारणही फारसे उरत नाही.

शेवटी पंचायत सदस्यांसाठी. पाचगाव, कळंबा, उचगाव यांसारख्या शहरालगतच्या गावांत जमीन तुलनेने स्वस्त म्हणून भाड्याची घरे बांधण्याचा ओढा वाढतो. अशा घरांच्या व्यवहारात ग्रामपंचायतीच्या नमुना ८ चा उतारा मालकीचा दाखला म्हणून पुढे केला जातो. तो कर आकारणीचा उतारा आहे. मालकीचा पुरावा नव्हे. त्याच्या जोरावर पैसे मोजणाऱ्यास जागा बिगरशेती आहे काय, बांधकामास परवानगी होती काय, हे पुढे कळते आणि मग तो तक्रार घेऊन पंचायतीच्याच दारात येतो. उतारा देतानाच तो कशाचा आहे, हे ग्रामपंचायत कार्यालयातून स्पष्ट सांगितले गेले आणि भाडेकराराच्या नोंदणीची माहिती ग्रामसभेत दिली गेली, तर या कामास वेगळा निधी लागत नाही. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घेता येईल.