थंड पेये आणि मुलांची हाडे
(शिक्षण परिषदेतील व्याख्यान)



उन्हाळा लागला की शाळेसमोरच्या दुकानात रंगीत बाटल्यांची रांग लागते. पूर्वी बाजाराच्या दिवशी गोटी सोडा मिळाला तरी मुलांना पर्वणी वाटे. आता दहा रुपयांची छोटी बाटली रोज हाताशी आली आहे. या बाटलीचा हाडांशी काय संबंध आहे, याविषयी शिक्षकांची समजूत स्वच्छ असणे अगत्याचे आहे. कारण मुलांना याबाबत जे सांगितले जाते, त्यात हेतू चांगला आणि शास्त्र थोडे, असा प्रकार वारंवार आढळतो.

थंड पेयाने हाडे विरघळतात, असे सांगण्याचा प्रघात आहे. पुराव्यादाखल पडलेला दात किंवा कोंबडीचे हाड पेयात बुडवून दाखवितात. प्रयोग खोटा नव्हे. आम्लात हाडातील चुना विरघळतो; व्हिनेगरमध्ये काही दिवस ठेवलेले कोंबडीचे हाड बोटांनी वाकविता येते. परंतु प्यालेले पेय त्या रूपात हाडापर्यंत जातच नाही. जठरातील आम्ल मुळातच बहुधा त्याहून तीव्र असते आणि रक्ताची आम्लता शरीर अतिशय काटेकोरपणे सांभाळते. दातांची गोष्ट निराळी. पेय दातांना प्रत्यक्ष भिडते, त्यातील आम्लाने दातांचे कवच झिजते आणि साखरेने कीड बळावते. तेव्हा हा प्रयोग दातांच्या पाठाला शोभतो, हाडांच्या नव्हे. सातवीतला एखादा चौकस मुलगा विचारील, "गुरुजी, मग लिंबाच्या सरबतानेही हाडे विरघळतात काय?" आणि तेथे शिक्षकाची पंचाईत होईल.

मग पेये निर्दोष आहेत काय? तसेही नाही. अमेरिकेत २००० साली नववी-दहावीच्या ४६० मुलींची पाहणी प्रसिद्ध झाली. बुडबुड्यांची पेये पिणाऱ्या मुलींत हाड मोडल्याचे प्रमाण अधिक आढळले. फ्रॅमिंगहॅम येथील २००६ च्या अभ्यासात रोज कोला पिणाऱ्या स्त्रियांच्या खुब्याच्या हाडाची घनता कमी दिसली. पुरुषांत तसे दिसले नाही आणि कोलाखेरीज इतर पेयांबाबतही दिसले नाही. अशा पाहण्यांतून दोन गोष्टी सोबत आढळतात एवढे कळते. एकीमुळेच दुसरी घडली, हे सिद्ध होत नाही. कोलातील फॉस्फोरिक आम्लावर पुष्कळांचा रोष आहे. पण पेलाभर दुधात फॉस्फरस त्याहून कितीतरी अधिक असतो. क्रेटन विद्यापीठातील संशोधकांनी २००१ साली लघवीवाटे जाणारे कॅल्शियम मोजले. कॅफिन असलेल्या पेयांनी ते किंचित वाढले, आम्लाने वाढले नाही. त्यांचा निष्कर्ष असा की, खरे नुकसान पेय दुधाची जागा घेते तेथे होते.

भंडारा जिल्ह्याच्या दृष्टीने हाच मुद्दा महत्त्वाचा आहे. हाड म्हणजे धानाची कोठी समजावी. सुगीत भरली तर पुढे पुरते. अठरा-वीस वर्षांच्या वयापर्यंत हाडांचा सुमारे ९० टक्के साठा होऊन जातो. नंतर भर पडते ती थोडीच. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे सात ते नऊ वर्षांच्या मुलास रोज ६५० आणि दहा ते बारा वर्षांच्या मुलास ८५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. येथील मुख्य अन्न तांदूळ. त्याच्या शंभर ग्रॅममध्ये ते जेमतेम आठ-दहा मिलिग्रॅम. म्हणजे भाताने पोट भरते, कोठी भरत नाही. ती भरायची ती भातासोबत जे ताटात येते त्याने. जिल्ह्याच्या सुदैवाने ते येथे पुष्कळ आहे. मालगुजारी तलावांतील बारीक मासे काट्यांसकट खाल्ले जातात, आणि त्या काट्यांतच कॅल्शियम असते. मोठ्या माशाचा काटा काढून खाणाऱ्याच्या वाट्याला ते येत नाही. मुनग्याचा पाला आणि पावसाळ्यातली तरोट्याची भाजी यांना गरिबाचे अन्न म्हणून नाक मुरडले जाते. पण कॅल्शियमच्या बाबतीत त्या बाजारातल्या पुष्कळ भाज्यांना मागे टाकतात. न सोललेल्या तिळाचा मोठा चमचाभर कूट शंभर मिलिग्रॅमच्या आसपास देतो. पेलाभर दूध पावणेदोनशेच्या घरात. ताकात पाणी असेल तितके कमी.

या ताटासमोर ती बाटली ठेवून पाहावी. दोनशे मिलिलिटर गोड पेयात साधारण वीस ग्रॅम, म्हणजे चार-पाच चमचे साखर असू शकते. कॅल्शियम नाहीच म्हटले तरी चालेल. साखरेने भूक मरते, मूल दुपारचे जेवण अर्धे टाकते, आणि ज्या दहा रुपयांत घरी ताक किंवा दोन-तीन चमचे तीळ आले असते ते दुकानदाराच्या गल्ल्यात जातात. हाडाला लागलेला चटका हा असा, आडवाटेने लागतो.

आता शाळेचे काम. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार अतिशय गोड, खारट व तेलकट पदार्थांची विक्री शाळेच्या आवारात आणि प्रवेशद्वारापासून ५० मीटरच्या आत करता येत नाही. खेड्यात मात्र ते दुकान पालकाचेच असते आणि नियमाचा कागद दाखविल्याने संबंध बिघडतात. त्यापेक्षा दुकानदाराला शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीस बोलवावे आणि बाटलीच्या जागी चिक्की, फुटाणे, लिंबू ठेवण्याची गोष्ट काढावी. वर्गात मुलांकडून आठवडाभर रोज एक नोंद लिहून घ्यावी: काल काय प्यालो, काय खाल्ले. नावे वाचून दाखवू नयेत. गरीब घरचे मूल ओशाळते. गणिताच्या तासाला त्याच नोंदींवरून कॅल्शियमची बेरीज करता येते आणि बेरीज कमी पडली की मुले आपण होऊन विचारतात, अजून काय खावे? मैदानावरचा खेळ मात्र कोणत्याही सबबीने रद्द होऊ नये. उड्या मारणाऱ्या मुलाचे हाड अधिक भरते आणि उन्हामुळे त्वचेत तयार होणारे ड जीवनसत्त्व नसेल तर खाल्लेले कॅल्शियम नीट अंगी लागत नाही.

एक बाब किंचित अवघड आहे. शाळा तपासणीस कोणी अधिकारी आला की एका मुलाला दुकानात धाडून थंड बाटली आणविली जाते. ती उघडली जाताना सारा वर्ग पाहत असतो. येत्या सत्रापासून मडक्यातले पाणी आणि जमल्यास ताक द्यावे. अधिकाऱ्याने तक्रार केल्यास वरील कोष्टक त्यालाच सोडवावयास द्यावे.