अदृश्य रेणूवरची खूण

डीएनएच्या स्फटिकावर क्ष-किरण सोडले की ते विखुरतात आणि ठिपक्यांची नक्षी मिळते. ठिपक्यांची प्रखरता आपण मोजतो. पण कोणती लहर पुढे, कोणती मागे, हे तीत उमटत नाही, आणि त्यावाचून रेणूचे चित्र जुळत नाही. म्हणून डीएनए घडवतानाच आपण थायमिनमधील मिथिल गटाच्या जागी ब्रोमीन बसवतो. आकारमान जवळजवळ तेवढेच. परंतु कार्बनच्या अणूत इलेक्ट्रॉन ६, ब्रोमीनच्या अणूत ३५! नक्षीतील फरकावरून आधी ब्रोमीनची जागा सापडते, मग तिच्या आधाराने लहरींचा मेळ लागतो. मात्र खुणेसाठी आपण मूळ वस्तूच बदलली, हे विसरून कसे चालेल? न बदललेल्या स्फटिकाशी ताडून पाहिल्यावाचून ‘हाच तो डीएनए’ असे आपण म्हणू नये.