पॅरिसच्या तळघरातील लेखक



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा मी त्यांना म्हटले, मी काही पंडित नव्हे. माझी शाळा आठवीला सुटली. पुढे जे वाचले ते रात्रशाळेत आणि युनियनच्या कचेरीतल्या बाकावर. ते म्हणाले, "जे वाचलेत तेच सांगा." म्हणून आज परदेशी गेलेल्या एका तरुण लेखकाची दिनचर्या सांगतो. तो मोठा झाल्यानंतरची नव्हे, त्याला कुत्रेही विचारीत नव्हते तेव्हाची.

त्याचे नाव एरिक ब्लेअर. जन्म १९०३ चा आणि तोही आपल्या देशात, बिहारमधील मोतिहारीस. वडील सरकारच्या अफू खात्यात. मुलगा १९२२ साली ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी झाला, १९२७ साली रजेवर विलायतेस गेला आणि तिथून राजीनामा दिला. कशासाठी? तर लेखक व्हायचे म्हणून! आपल्या घरी असे झाले तर काय रामायण घडेल, हे येथील वडीलधाऱ्यांना सांगायला नको.

१९२८ च्या वसंतात तो पॅरिसला गेला आणि 'पो द फेर' नावाच्या एका अरुंद रस्त्यावर स्वस्तातली खोली घेऊन राहिला. कादंबरी लिहिली, ती कोणी छापेना. चारदोन लेख छापून आले, पण तेवढ्यावर पोट भरेना. पुढल्या वर्षी छातीच्या दुखण्याने गरिबांच्या इस्पितळात पडून राहिला. मग खोलीत चोरी झाली आणि हाती ४७ फ्रँक उरले, असे तो सांगतो.

दारिद्र्य म्हणजे काय, हे त्याने व्याख्या न करता दाखवले आहे. कपडे धोबिणीकडे टाकणे परवडत नाही, म्हणून बंद केले. तिला वाटते, याने दुसरी धोबीण धरली. ती कायमची वैरीण होते. जेवायच्या वेळी खाणावळीत गेल्याचे सोंग करायचे आणि बागेत कबुतरे पाहात बसायचे. शेवटच्या पैशांचे दूध आणावे, तापवायला ठेवावे, तर त्यात ढेकूण पडतो. ते ओतून टाकून उपाशी राहायचे. गहाणवटीच्या दुकानात कपडे गेले. मंडळी, यातले काय परदेशी आहे? आपल्या चाळीतही लोक असेच झाकून जगले आहेत.

अखेर एका बड्या हॉटेलच्या तळघरात त्याला काम मिळाले. सकाळी सात ते दुपारी दोन, पुन्हा पाच ते रात्री नऊ, असे दिवसाचे अकरा तास. पगार महिना ५०० फ्रँक. भट्टीसारखी उष्णता आणि डोके आपटेल असे छत. एका दाराच्या अलीकडे उकिरडा, पलीकडे पांढऱ्या चादरी आणि फुले. तिथे मिशीचीही जात होती! वाढपी मिशी ठेवत नसत, म्हणून त्यांनी भांडी घासणाऱ्यांनाही ती ठेवू दिली नाही. आचारी मात्र वाढप्यांना तुच्छ लेखण्यासाठी मुद्दाम मिशी ठेवीत. ब्लेअरला आपली मिशी काढावी लागली. मालकाला काही करावेच लागत नाही. कामगारच एकमेकांना पायऱ्यांवर बसवतात.

यावर लिहिलेले पुस्तक, 'डाउन अँड आउट इन पॅरिस अँड लंडन', १९३३ च्या जानेवारीत निघाले आणि त्यावर प्रथमच जॉर्ज ऑर्वेल हे नाव लागले. प्रसंगांची थोडी मांडामांड केल्याचे त्याने पुढे स्वतःच कबूल केले आहे. या पुस्तकात तो भांडी घासणाऱ्याची तुलना आपल्याकडच्या रिक्षा ओढणाऱ्या माणसाशी करतो आणि विचारतो, की या कष्टाची खरोखर गरज किती आणि नुसती चैन किती? हा प्रश्न मला शंभर नंबरी वाटतो.

पण एका ठिकाणी माझे त्याच्याशी भांडण आहे. तो म्हणतो, या लोकांनी विचार केला असता तर केव्हाच युनियन करून संप केला असता. पण फुरसत नाही, म्हणून ते विचार करीत नाहीत. हे वाचून मी पुस्तक मिटले होते.

कारण १९८६ साली, पंधरा वर्षांचा असताना, मुंबईच्या एका हॉटेलात मी मोरीवर कपबश्या विसळत होतो. रात्री गिऱ्हाइकांच्याच टेबलांवर आम्ही झोपायचो. आमच्यातला एक म्हातारा दर खाड्याची एक रेघ कोळशाने भिंतीवर ओढी. महिनाअखेर मालकाचा हिशेब आणि त्या रेघा जुळत नसत. १९४८ च्या दुकान कायद्यात आठवड्याची सुट्टी आहे, हेही त्यानेच कुठूनसे कळवून घेतले होते. एका पहाटे अकरा जण शेगडी न पेटवता फुटपाथवर बसले. मीही बसलो. तासाभराने मालकाने मला हाक मारली. माझ्या वडिलांनी दोनशे रुपये उचल घेतलेली होती. मी उठलो आणि मोरीवर गेलो. माझ्यामागून आणखी तिघे गेले. दुपारपर्यंत सगळे संपले. म्हाताऱ्याचा हिशेब त्याच दिवशी झाला. जाताना तो मला काही बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते.

तेव्हा मी सांगतो, विचार आम्ही करीत होतो. कमी पडली ती उद्याच्या भाकरीची तजवीज. ब्लेअरची मावशी पॅरिसमध्येच राहात होती आणि विलायतेत आईबाप होते. १९२९ च्या डिसेंबरात तो घरी परतला. याचा मी त्याला दोष देत नाही. परतून त्याने लिहिले, म्हणून तळघर जगाला दिसले. पण वर जाण्याचा जिना ज्याच्यापाशी आहे, त्याला खालच्याची भीती पुरती मोजता येत नाही. म्हणून युनियनचे पहिले काम मी भाषण मानत नाही. उचल फेडायला चार पैसे जमवणारी पेटी मानतो.

आज आपल्या गावची मुले शिकायला परदेशी जातात आणि त्यातली काही संध्याकाळी तिथल्या हॉटेलांत भांडी घासतात. घरी फोटो येतो तो मात्र पुलावरचा किंवा बर्फातला. त्यांना विचारा, "बाळ, हात कसे आहेत?" त्यांनी लाजू नये, आपणही लाजू नये.

आणि एक विनंती. सभा संपल्यावर कोपऱ्यावरच्या हॉटेलात आपण चहाला जाल. आत मोरीवर जो असेल त्याला आठवड्याची सुट्टी मिळते का, एवढे विचारा. मालकासमोर नको, त्याची नोकरी जाईल. तो बाहेर आला की विचारा.