रामगढची टांगेवाली

बंगळूरहून म्हैसूरच्या वाटेला लागले की सुमारे ५० किलोमीटरांवर रामनगरचे उघडेबोडके खडक दिसू लागतात. अमेरिकन घोडेस्वारपटांना शोभावा असा हा मुलूख. १९७३ च्या ऑक्टोबरात रमेश सिप्पींनी येथे 'शोले'चे चित्रण आरंभिले. कलादिग्दर्शक राम येडेकरांनी तर खडकांच्या पायथ्याशी रामगढ नावाचे अख्खे गावच वसविले!

१५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेल्या या चित्रपटातला गब्बर सर्वांच्या ध्यानात राहिला. परंतु सूडाची ही दीर्घ कथा सुसह्य होते ती तिच्यातल्या थट्टेमुळे. पाश्चात्त्य घोडेस्वार बहुधा मितभाषी असतो. येथे टांगा हाकणारी बसंती श्वास घ्यायलाही थांबत नाही. तिच्यावर भाळलेल्या वीरूसाठी जय मावशीकडे मागणी घालायला जातो आणि मित्राची स्तुती करता करता त्याचा जुगार, त्याची दारू, सारे उघडे पाडतो. मग वीरू पाण्याच्या टाकीवर चढून जीव देण्याची धमकी देतो, आणि गाव खाली गोळा होते.

इकडे ठाकुराच्या वाड्यात विधवा राधा एकेक दिवा मालवीत असते. अंगणात जय तोंडाने बाजा वाजवीत बसतो. दोघांत शब्द जवळजवळ नाहीच. तिच्या पुनर्विवाहाला वडीलधारे राजीही होतात. पण लेखक सलीम-जावेद जयलाच मारतात. विधवेचा संसार पडद्यावर मांडण्याचे धाडस शेवटी झाले नाही, असेच म्हणावे लागते. जयची चिता पेटते, राधा खिडकी लावून घेते. वीरू एकटाच आगगाडीत चढतो, तो आत बसंती आधीच येऊन बसलेली!